दुमगीबायचं तप

खाजणवाडीत आजही कुणी अंथरूण धरलं की म्हातारी माणसं म्हणतात, दुमगीबाय असती तर एकदा हात फिरवून गेली असती. म्हणोत बापडी. दुमगीबायनं कुणाच्या अंगावरून हात फिरवला असेल तर तो नाइलाजानं, आणि फिरवताना मनातल्या मनात चरफडत. पंधरा वर्षं ती बाई अळणी जेवली, उघड्या फरशीवर झोपली, अनवाणी हिंडली, आणि हे सगळं तिनं एका माणसाच्या वाइटावर केलं. लोकांनी तिला संत करून टाकलं. लोकांचं काय, एखादी बाई हडकली आणि गप्प बसली की त्यांना तेवढं पुरतं.

खाजणवाडी म्हणजे ठाण्याच्या पूर्वेला, खाडीच्या बांधालगतचं शंभरेक घरांचं गावठाण. अर्धी घरं ख्रिस्ती, अर्धी कोळ्यांची. मधोमध खुरूस, म्हणजे चुन्यानं रंगवलेला दगडी क्रूस. मे महिन्यात तिथं रोज संध्याकाळी लादीन व्हायची. सगळ्यांनी मिळून गायची ती प्रार्थना, आणि पुढचा आवाज कायम कैतानचा. कैतान शहाडच्या एका कारखान्यात फिटर होता, चर्चच्या कमिटीत होता, आणि गळा असा की भांडायला आलेला माणूस ऐकत उभा राहावा. दुमगीचा नवरा पेद्रू त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार. दोघांत मिळून एक होडी होती. सुट्टीच्या दिवशी दोघं खाडीत जाळं टाकायचे, चिंबोऱ्या आणायचे, बाटली उघडायचे, आणि दुमगी दोघांना शिव्या घालत कालवण करायची. कैतान तिला वयनी म्हणायचा. दुमगीला मूलबाळ नव्हतं. घरात हसणं व्हायचं ते या दोघांचंच.

एक्क्याऐंशी सालच्या जानेवारीत एका रविवारी दुपारी पेद्रू घरातून निघाला तो तिसऱ्या दिवशी तिवरांच्या मुळांत अडकलेला सापडला. कैताननं पोलिसांना सांगितलं, पाद्रीला सांगितलं, सगळ्या वाडीला सांगितलं, 'मी बांधावर होतो. पेद्रूला मी पाण्यात उडी मारताना पाहिलं.' पेद्रूची नोकरी दोन महिन्यांपूर्वी सुटली होती. तेव्हा हे सगळ्यांना पटलंही. पटण्यासारखी गोष्ट असली की ती खरी आहे का हे कोण विचारतो?

जीव देणाऱ्याला तेव्हाच्या म्हाताऱ्या पाद्रीच्या लेखी माफी नव्हती. पेद्रूसाठी मिसा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली नाही, घंटा वाजली नाही. दफनभूमीच्या पार मागच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून जिथं बेवारशी मढी टाकत, तिथं त्याला पुरलं. त्या मातीवर कधी पाद्रीनं पवित्र पाणी शिंपडलं नव्हतं. खांदा द्यायला चार माणसं मिळाली, आणि त्या चारांत एक कैतान होता. खांद्यावर पेटी घेऊन तो रडत होता. दुमगीनं ते पाहिलं आणि तिला तेव्हा त्याची दया आली. ही दया तिला पुढं फार वर्षं जाचली.

चौथ्या दिवशी सगुणा आली. सगुणा ही शेजारची कोळीण, सुकट-बोंबील विकणारी, दुमगीची जिवाभावाची. ती दाराशी पाटी उतरवून बसली.

"दुमगे, एक सांगतंय. मी बांधावर सुकट पालटत होते त्या दुपारी. कैतान बांधावर नव्हता. दोगंव होडीत होते. पेद्रू पुढं, कैतान मागं."

दोघी तडक पाद्रीकडं गेल्या. पाद्रीनं सगुणाला उभीच ठेवली. तिचं आणि कैतानचं मागल्या वर्षी जाळ्यावरून भांडण झालं होतं हे त्याला माहीत होतं, आणि ती ख्रिस्ती नाही हेही माहीत होतं. तो म्हणाला, कैतान चर्चचा माणूस आहे, खोटं कशाला बोलेल? परत येताना सगुणा झपाझपा पुढं चालली. तिचा अपमान झाला होता तो झालाच, पण आपल्या शब्दाला वजन नाही हे दुमगीसमोर कळलं याची तिला जास्त लाज वाटली.

मग मे महिना आला. लादीन चालू असताना दुमगी गर्दीतून पुढं गेली आणि गाणाऱ्या कैतानच्या समोर उभी राहिली.

"खुरसावर हात ठेव आन् बोल. होडीत होतास का नाय?"

गाणं थांबलं. कैताननं तिच्याकडं पाहिलं, खुरसाकडं पाहिलं, आणि उजवा हात दगडावर ठेवला. "वयनी, मी बांधावर होतो. त्यानं उडी मारली, मी बघितलं." एवढं बोलून त्यानं पुढची ओळ उचलली, आणि आवाज जरासुद्धा हलला नाही. बायकांनी दुमगीला धरून घरी नेलं. बिचारीच्या डोक्यावर परिणाम झाला, असं त्या रात्री घरोघर बोललं गेलं.

डोक्यावर काही झालं नव्हतं. डोकं उलट पहिल्यांदाच जागेवर आलं होतं. त्यात आता एकच गोष्ट होती.

पुढच्या वर्षी उपासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, बाहेरगावचा एक पाद्री प्रवचनं द्यायला आला. त्यानं कुठल्याशा परदेशातल्या एका संत बाईची गोष्ट सांगितली. ती फळीवर झोपायची, दिवसातून एकदा शिळा पाव खायची, कमरेला गाठींची दोरी आवळायची. तिला देव दिसायचा, तिच्याशी बोलायचा. शेवटी पाद्री म्हणाला, त्या बाईनं देवाकडं जे मागितलं ते देवानं कधी नाकारलं नाही. बाकीच्या बायकांनी डोळे पुसले. दुमगीनं तेवढं शेवटचं वाक्य उचललं आणि घरी आली.

सगुणा मागच्या दारी मासळी साफ करत बसली होती. दुमगीनं तिला सगळी गोष्ट सांगून विचारलं, "तुमच्यात असतंय का असं काय?"

"असतंय म्हंजे?" सगुणा म्हणाली. "आमच्यात तर राक्षसपण करतात गो. रावणानं केलं, भस्मासुरानं केलं. देव मानूस बगत नाय, तप बगतो. पुरं झालं की वर देऊन मोकला."

"वाईट मागितलं तरी?"

"भस्मासुरानं काय चांगलं मागितलवतं?"

चर्चमध्ये हे कुणी बोललं असतं तर पाद्रीनं त्याला उभ्यानं समजावलं असतं, की बाई, उपास हा देवाशी सौदा नव्हे. पण दुमगीला समजावणारा पाद्री नव्हता, सगुणा होती. आणि सगुणाचं बोलणं तिला सरळ वाटलं. राक्षसाला मिळतं तर मला का नाही?

त्याच दिवशी तिनं मीठ सोडलं. खाडीकाठच्या माणसानं मीठ सोडणं म्हणजे काय ते खाडीकाठच्यालाच कळेल. अंथरूण गुंडाळून माळ्यावर टाकलं, चपला सगुणाला दिल्या. पहाटे उठून ती गुडघे टेकायची ते रिकाम्या जमिनीवर नाही, कालवांच्या शिंपल्यांवर. बांधाखालून टोपलीभर आणून तिनं त्या कोपऱ्यात पसरल्या होत्या. त्यांच्या कडा सुरीसारख्या असतात. गुडघ्यांतून रक्त आलं की तिला बरं वाटायचं, तप चढतंय असं वाटायचं. आणि मागणं रोज एकच. कैतानला पाद्रीवाचून मरण दे. जुन्या ख्रिस्ती माणसाला मरणाची भीती नसते, कुमसाराशिवाय मरणाची असते. कुमसार म्हणजे पाद्रीच्या कानात पापं सांगून मोकळं होणं. ते झालं नाही तर पुढं काय होतं ते लहानपणापासून प्रत्येकाच्या कानात भरलेलं असतं. दुमगीला तेच हवं होतं. पेद्रूला घंटा नाही, तर त्यालाही नको. पेद्रूच्या डोक्यावर हात ठेवायला पाद्री नव्हता, तर त्याच्याही नको.

चौऱ्याऐंशी साली तिनं एक वेगळाच उद्योग केला. नोव्हेंबरच्या दोन तारखेला आपापल्या मेलेल्यांची नावं चिठ्ठीवर लिहून चर्चमधल्या पेटीत टाकायची पद्धत आहे, आणि मिसेत ती वाचून त्यांच्यासाठी प्रार्थना करतात. दुमगी चौथीपर्यंत शिकलेली. तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'कैतान जुजे, खाजणवाडी', आणि चिठ्ठी टाकली. पाद्रीनं चष्म्यातून ओळीनं नावं वाचली आणि हेही वाचलं. वरती गाणाऱ्यांत कैतान उभा होता. माणसं आधी हसली, मग कुजबुजली, मग कुणा टवाळाचं काम म्हणून सोडून दिली. कैतान हसला नाही. त्यानं सगळ्या चर्चवरून नजर फिरवली आणि ती दुमगीवर येऊन थांबली. तिनंही नजर काढली नाही. त्या दिवसापासून तो तिला वाटेत चुकवायला लागला. दर नोव्हेंबरला तिची चिठ्ठी पेटीत जायची. पाद्री आता ती वाचत नसे, पण कैतानला ती पडली आहे हे माहीत असायचं, आणि तिला तेवढं पुरत होतं.

इकडं तिची ख्याती होऊ लागली. गालफडं बसली, डोळे मोठे दिसायला लागले, गुडघ्यांचे घट्टे लुगड्याखालून दिसत. एकदा खुरसापाशी ती डोळे मिटून ओठ हलवत होती तेव्हा एका बाईनं हळूच विचारलं, "दुमगीबाय, काय दिसतंय?" दुमगी डोळे न उघडता म्हणाली, "एक मानूस दिसतंय. खाटेवर परलाय. तोंड उगरं." त्या आठवड्यात त्या बाईचा म्हातारा सासरा खाटेवर, तोंड उघडं टाकून, खपला. झालं. दुमगीबायला दिसतं. मग कळव्याहून माणसं येऊ लागली, डोंबिवलीहून येऊ लागली. तापलेली पोरं तिच्या ओटीत आणून घालायची. ती वैतागायची. तिचा हिशेब साधा होता. तपानं जमा झालेलं बळ म्हणजे भरलेली घागर, आणि हे रिकामटेकडे तिला भोकं पाडतायत. ती म्हणायची, "माज्याकडं काय नाय, जा." लोक म्हणायचे, बघा, किती नम्र आहे. कधी फारच गळ पडली तर ती पोराच्या कपाळावर हात टेकवायची, आणि घरी येऊन भरपाई म्हणून आणखी तासभर शिंपल्यांवर बसायची.

अठ्ठ्याऐंशीत म्हातारा पाद्री गेला आणि वसईकडचा एक तरुण फादर आला. मनानं चांगला माणूस. त्यानं पेद्रूची हकिकत ऐकली आणि स्वतः होऊन तिच्या घरी आला.

"बाई, आता चर्च तसं कठोर राहिलेलं नाही," तो म्हणाला. "जीव देणारा माणूस दुःखात असतो. आपण तुमच्या नवऱ्यासाठी मिसा करू. देव दयाळू आहे."

"दया कशापायी?" दुमगी म्हणाली. "त्यानं जीव दिला नाय. दया ज्याला पायजे त्याला द्या."

"पण मिसेनं त्याच्या आत्म्याला—"

"जीव दिलेल्याची मिसा माज्या नवऱ्याला नको, फादर."

तो उठून गेला, आणि पुढच्या रविवारी प्रवचनात म्हणाला की आपल्यात एक बाई आहे, जी आपल्या शत्रूसाठीसुद्धा रोज प्रार्थना करते. हे त्याला कुणी सांगितलं देव जाणे. खोटं मात्र नव्हतं. कैतानचं नाव रोज देवाच्या कानावर तिच्याइतकं कुणी घातलं नसेल.

आणि कैतान? कैतानचं बरं चाललं होतं. हीच तर चीड होती. कारखान्यात बढती, घरावर मजला, दोन मुलगे शिकले, थोरल्या इनासला चांगली नोकरी लागली. दफनभूमीत अगदी वाटेच्या सुरुवातीला त्यानं आपल्या घराण्यासाठी संगमरवरी कबर बांधून ठेवली. तिच्यावर नाव कोरलं, फक्त तारीख घालायची बाकी. पेद्रूकडं जाताना दुमगीला रोज त्या कबरीवरून जावं लागे. ती थुंकायची. कुणी पाहिलं तर खोकल्याचं निमित्त करायची.

चौऱ्याण्णवच्या लादीनीला पुढचा आवाज दुसऱ्याच कुणाचा होता. कैतानच्या घशात गाठ निघाली होती. कल्याणला दाखवलं, मग मुंबईला नेलं. डॉक्टर म्हणाले, विडीनं झालं. दुमगीला माहीत होतं कशानं झालं. त्या दिवशी ती सगुणाच्या दारात जाऊन बसली आणि कितीतरी वर्षांनी हसली.

"पोचलं गो," ती म्हणाली.

सगुणानं मात्र हातातलं सूप बाजूला ठेवलं. "दुमगे, त्याचा आवाजच गेला तर आता सांगल कोन? होडीत तो आन् पेद्रू, दोगंच होते. पेद्रू तं गेला."

दुमगीचं हसू तिथंच थांबलं. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. कैतान कुमसाराशिवाय मेला तर तिचं मागणं पुरं होणार होतं, पण पेद्रू कायमचा जीव दिलेला राहणार होता. आणि पाद्रीपुढं कुमसार करून मेला तर आणखी वाईट, कारण पाद्री ते कधी कुणाला सांगत नाही. कैतान धुऊन पुसून वर जाणार, आणि खरं काय ते पाद्रीच्या पोटात. तिनं तीन वर्षं रात्रंदिवस हेच घोळवलं. देवाकडं एकदा मागितलेलं बदलून मागता येतं का, हे तिनं सगुणालाही विचारलं.

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये, दुपारी दोनच्या सुमाराला, कैतानची सून तिच्या दारात आली. पोरीच्या डोळ्यांना धार लागली होती.

"दुमगीबाय, चला ना. डॉक्टरनी आशा सोडलीय. पप्पा पाटीवर लिहून दाखवतायत, आधी दुमगी, मग फादर. तुम्ही डोक्यावर हात ठेवल्याशिवाय जीव जाणार नाही म्हणतात."

दुमगी उठली. जाताना तिनं सगुणाला हाक मारली, आणि वाटेत जो दिसला त्याला म्हणाली, चल. संत बोलावते म्हटल्यावर माणसं निघाली. कैतानच्या ओसरीवर वीस-पंचवीस जण जमले. आत खाटेवर तो पडला होता, सुकटासारखा झालेला, तोंड उघडं. अगदी तिला रोज दिसायचा तसा. इनास हातात स्कूटरची किल्ली घेऊन उभा होता.

"तुम्ही आलात, बरं झालं," तो म्हणाला. "मी फादरना आणतो, दहा मिनिटांत येतो."

दुमगी उंबऱ्यावर बसली. दार एवढंसं, ती बसल्यावर कुणाला बाहेर जाता येईना.

"पाद्री मागून," ती म्हणाली. "कैतान, आदी बोल. हितं, समद्यांपुढं. होडीत होतास का नाय?"

"मावशी, हे काय चाललंय?" इनास पुढं आला. "माणूस मरतोय समोर."

खाटेवरून कैताननं हात उचलला आणि मुलाला थांबवलं. त्यानं बोट हलवून त्याला जवळ बोलावलं. पाटीवर लिहायचं बळ हातात उरलं नव्हतं, आवाज नव्हताच, नुसती वाफ निघत होती. इनास त्याच्या तोंडाला कान लावून बसला आणि जे ऐकू येईल ते मोठ्यानं सांगू लागला. बापाचं 'मी' त्याच्या तोंडात तसंच राहिलं.

"मी होडीत होतो... दोघं प्यायलेलो. जाळं ओढायला मी उभा राहिलो. मी पडलो." इनास थांबला, बापाकडं पाहिलं, पुन्हा कान लावला. "मला पोहता येत नाही. कधीच येत नव्हतं. फक्त पेद्रूला माहीत होतं... ओहोटी लागलेली. मी हाक मारायच्या आतच पेद्रूनं उडी मारली. मला खालून ढकलून होडीत घातलं. त्याचे पाय जाळ्यात अडकले, खाली चिखल. त्यानं हात वर केला."

आता इनास बोलेना. कैताननं त्याच्या मनगटाला धरून हलवलं.

"वल्हं माझ्या हातात होतं," इनास म्हणाला. "मी पुढं केलं नाही. वाटलं, तो धरेल आणि मी परत पडेन. तो दोनदा 'कैतान' म्हणाला. मी बघत बसलो."

सगुणानं पदर तोंडात कोंबला होता.

दुमगी उंबऱ्यावर तशीच बसून राहिली. सोळा वर्षं तिनं पेद्रूला पाय घसरून पडताना पाहिलं होतं, ढकलला जाताना पाहिलं होतं. त्यानं खरोखरच उडी मारली असेल हे तिनं एकदाही मनात येऊ दिलं नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढं वल्हं आलं, ते पुढं न करणारा हात आला, आणि तो हात आत्ता चार पावलांवर चादरीवर पडला होता. कैतानच्या छातीतली घरघर वाढत चालली होती. तिला काही करायचंच नव्हतं. नुसतं इथं बसायचं, पाव तास, कदाचित तेवढाही नाही, आणि तिचं तप फळाला येणार होतं. बेवारशासारखा, घंटेवाचून, पाद्रीवाचून. इनास तिला उचलून बाजूला करू शकला असता, पण तो खाली बसून रडत होता. सगळे तिच्याकडं पाहत होते आणि कुणाला काही विचारायचं धाडस होत नव्हतं.

ती बसली. किती वेळ बसली कुणास ठाऊक. देवाची शपथ, तिला उठायचं नव्हतं.

पण पेद्रूनं याला एकदा बाहेर काढलं होतं. जीव घालून काढलं होतं. याला आता बुडवलं तर पेद्रू गेला कशाला? तिला कैतानची दया आली नाही, कणभरही नाही. तिला फक्त वाटलं, नवऱ्यानं केलेलं काम बायकोनं मोडू नये. आणि हे वाटलं याचाही तिला संताप आला.

"कैतान," ती म्हणाली, "माफी मागू नको. मी देनार नाय. पाद्री येल, पन एक कबूल कर. ती संगमरवरी कबर पोरांना ऱ्हाऊ दे. तुला पेद्रूच्या बाजूला पुरायचा. भिंतीला लागून. कबूल?"

इनास मान वर करून म्हणाला, "तिथं? तिथं तर बेवारशी..."

कैताननं मान हलवली. एकदा, आणि मग सगळ्यांना दिसावी म्हणून पुन्हा एकदा. दुमगी उंबऱ्यावरून उठली आणि बाजूला झाली.

"जा रं," ती इनासला म्हणाली. "बोलाव पाद्रीला."

फादर वेळेत पोचला. कुमसार झालं, कपाळाला पवित्र तेल लागलं, आणि संध्याकाळी चार वाजता कैतान गेला. फादरला ओसरीवरच्या वीस जणांनी वीस प्रकारे सगळं सांगितलं. तो तसाच चालत दफनभूमीत जाऊन तो कोपरा बघून आला. आल्यावर दुमगीला म्हणाला, "बाई, तुमचा नवरा मोठा माणूस होता, मित्रासाठी प्राण देण्याहून मोठं प्रेम नाही."

दुसऱ्या दिवशी मिसेत पेद्रूचं नाव कैतानच्या आधी घेतलं गेलं. घंटा वाजली, ती दोघांसाठी वाजली. कैतानला पुरायचं तर ती माती आधी पवित्र करायला हवी होती, म्हणून फादरनं भिंतीलगतच्या सबंध कोपऱ्यावर पाणी शिंपडलं, पेद्रूवर आणि त्याच्या आजूबाजूला निजलेल्या बेवारश्यांवरही. सगळी वाडी लोटली होती. सगुणा पहिल्या रांगेत उभी होती, आणि या वेळी तिला कुणी मागं जा म्हणालं नाही.

पेटी खाली गेल्यावर एकेकानं मूठभर माती टाकली. दुमगीनंही मूठ भरली, पण ती खड्ड्याशी गेलीच नाही. ती पेद्रूच्या मातीवर गुडघे टेकून बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. सोळा वर्षांत तिला कुणी रडताना पाहिलं नव्हतं. बायकांनी एकमेकींना कोपरानं खुणावलं. बघा, म्हणाल्या, वैऱ्यासाठी रडतेय. हिला संत नाही म्हणायचं तर कुणाला म्हणायचं?

सगुणा तिला उठवायला खाली वाकली, म्हणून तिला तेवढं ऐकू आलं.

"मेल्या," दुमगी मातीत तोंड घालून म्हणत होती, "उडी टाकलीस. त्याच्यापायी टाकलीस. मी घरात कालवन उकलत बसलेय, ते नाय आलं तुज्या ध्यानात? त्यानं हाक मारली नवती, तरी गेलास. माजा इचार केलास? येक घटकाभर तरी केलास?"

सगुणानं तिला उठवलं नाही. शेजारी बसून राहिली.

कैतानवरचा दुमगीचा राग त्या उन्हाळ्यातच विरून गेला, आणि त्याच्या पोरांशी ती नीट वागली. पेद्रूशी मात्र ती मरेपर्यंत धड बोलली नाही.